आभासी डिस्क, खरी पोचपावती

ओळखीच्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथल्या मुलीनं काही न बोलता नुसतं करून दाखवलं. व्हाउचर भरलं, सेव्ह केलं आणि पडद्यावरचं निळं वर्तुळ फिरायला लागलं, तसा तिनं चहाचा कप उचलला. दोन घोट झाले, मग व्हाउचर जतन झालं. "सर्व्हरला रॅम कमी पडतेय," असं त्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं. रॅम दुप्पट करून झाली होती. दोन घोटांचा वेळ तसाच होता.

त्या कार्यालयात एकच मोठा संगणक होता आणि त्याच्या पोटात चार संगणक चालत होते. हे ज्या सॉफ्टवेअरमुळे जमतं त्याला हायपरव्हायझर म्हणतात. एका खऱ्या यंत्राची वाटणी करून त्यावर अनेक आभासी यंत्रं चालवणारा हा कारभारी. खऱ्या यंत्राला होस्ट म्हणजे यजमान म्हणायचं आणि आभासी यंत्राला गेस्ट म्हणजे पाहुणा, किंवा सरळ व्हीएम. पाहुण्याला वाटतं, आपल्याला स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते, नाहीतर तिथे आखून दिलेला एक तुकडा.

व्हीएमवेअर, हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स अशी या कारभाऱ्यांची बरीच घराणी आहेत. इथे उदाहरण घेतलंय प्रॉक्समॉक्स व्हीईचं. ते व्हिएन्नाच्या कंपनीनं बनवलेलं, मुक्त स्रोत आणि परवान्याचे पैसे न भरता वापरता येणारं आहे. त्याच्या आत दोन इंजिनं आहेत. एक केव्हीएम, जे २००७ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं. दुसरं क्यूईएमयू, जे फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरनं २००३ साली लोकांसमोर आणलं. आपल्याकडे दुसरा हायपरव्हायझर असला तरी पुढचं बरंचसं लागू पडेल, फक्त बटणांची नावं बदलतील.

गेस्टमधून निघालेला मजकूर सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखा टेबलाटेबलावरून जातो. गेस्टची फाइलप्रणाली, गेस्टचा ड्रायव्हर, क्यूईएमयूनं उभा केलेला आभासी कंट्रोलर, होस्टची मेमरी, होस्टवरची ती मोठी फाइल आणि शेवटी खरी डिस्क. या प्रवासात एक गोष्ट फार महत्त्वाची: पोचपावती. डेटाबेस किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर मधूनमधून विचारतं, "दिलेलं खरंच डिस्कवर उतरलं का?" या विचारण्याला फ्लश म्हणतात. उत्तर आल्याशिवाय ते पुढचं पाऊल टाकत नाही. त्या मुलीच्या पडद्यावरचं निळं वर्तुळ म्हणजे पोचपावतीची वाट पाहणं होतं.

आता कामाला लागू. पहिली पायरी बॅकअपची, आणि ती कंटाळवाणी असली तरी टाळू नका. सगळ्या व्हीएमचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातला एक तरी नव्या क्रमांकाचा व्हीएम म्हणून परत उभा करून पाहा. सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून डिस्कनेक्ट करा. नाहीतर एकाच आयपी पत्त्याचे दोन सर्व्हर कार्यालयात हजर होतात आणि नवाच गोंधळ सुरू होतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली अवस्था. पण ती त्याच डिस्कवर राहते, म्हणून तिला बॅकअप समजू नका. डिस्क गेली की दोन्ही गेले.

दुसरी पायरी मोजण्याची. डिस्कचा वेग एका आकड्यात सांगता येत नाही. टेम्पो भरून माल एका फेरीत पोचवणं वेगळं आणि दोनशे पाकिटं दोनशे पत्त्यांवर वाटणं वेगळं. जाहिरातीत 'सेकंदाला ५५० एमबी' असं लिहिलेलं असतं तो टेम्पोचा आकडा. हिशेबाचं सॉफ्टवेअर, मेल, डेटाबेस यांचं काम पाकिटांचं असतं. ४ केबीच्या छोट्या छोट्या विनंत्या, डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या. सेकंदाला अशा किती विनंत्या भागतात त्याला आयओपीएस म्हणतात आणि एका विनंतीला किती वेळ लागतो त्याला लेटन्सी, म्हणजे खोळंबा.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा हिशेब आपण बोटांवर करू शकतो. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेऱ्यानं समोर येते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. वाचणारी सुई योग्य रांगेवर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद धरा. एका विनंतीला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० विनंत्या. चार व्हीएमनी त्या वाटून घ्यायच्या. रांगेत ३२ विनंत्या उभ्या असतील तर शेवटच्याला ३२ भागिले ८०, म्हणजे ०.४ सेकंद थांबावं लागतं. एक व्हाउचर जतन करताना अशा दहाबारा पोचपावत्या एकामागून एक मागितल्या जात असतील, तर चहाचे दोन घोट नक्की होतात.

ही रांग डोळ्यांनी पाहता येते. होस्टवर सिसस्टॅट नावाचं पॅकेज बसवलं की आयओस्टॅट हा प्रोग्राम मिळतो. तो विस्तृत माहितीच्या पर्यायासह दर दोन सेकंदांनी चालत ठेवा आणि गर्दीच्या वेळी पाहा. वाचण्याचा आणि लिहिण्याचा 'अवेट' स्तंभ म्हणजे सरासरी खोळंबा, मिलिसेकंदात. रांगेच्या लांबीचाही एक स्तंभ असतो. टक्केवारीच्या शेवटच्या स्तंभात १०० दिसलं की लोक घाबरतात. फिरणाऱ्या डिस्कवर त्याला अर्थ आहे, पण एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे तिथे १०० टक्के म्हणजे 'डिस्क भरली' असं नाही. अवेटवर नजर ठेवा.

मग हेच गेस्टच्या आतून मोजा. गेस्टमध्ये खोळंबा मोठा आणि होस्टवर लहान असेल तर फाइल मधल्या टेबलावर अडलीय, म्हणजे ड्रायव्हर, कंट्रोलर किंवा सेटिंगमध्ये. दोन्हीकडे मोठा असेल तर खरी डिस्कच दमलीय. एवढं एक निदान झालं तरी पुढचं निम्मं काम वाचतं.

चाचणी घ्यायची तर लिनक्सवर एफआयओ आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क ही नेहमीची साधनं. यात तीन चुका हमखास होतात. पहिली, शून्यांची लांबलचक फाइल लिहून वेग मोजणं. होस्टवर झेडएफएससारखी दाबून साठवणारी फाइलप्रणाली असेल तर शून्यांना ती जागाच देत नाही आणि आकडा अफाट येतो. दुसरी, चाचणीची फाइल इतकी लहान ठेवणं की ती होस्टच्या मेमरीत मावते. साध्या साटा एसएसडीवर सेकंदाला ५ जीबी दिसले तर आपण रॅम मोजतोय. तिसरी चूक महागातली: एफआयओला लिहिण्याच्या चाचणीसाठी फाइलीऐवजी थेट डिस्कचं नाव देणं. ते मुकाट्यानं त्या डिस्कवरचा सगळा डेटा पुसून टाकतं. नेहमी फाइलीवरच चाचणी घ्या, ४ केबीच्या विखुरलेल्या विनंत्या ठेवा, प्रत्येक लिखाणामागे फ्लश मागा, आणि रांगेची लांबी आधी १ ठेवून मोजा. येणारा आकडा इतका लहान असतो की चाचणी चुकली असं वाटतं. पण तोच खरा असतो. तारखेसह वहीत लिहून ठेवा.

जाता जाता गेस्टची मेमरीही पाहून घ्या. मेमरी अपुरी पडली की गेस्ट डिस्कवरची जागा मेमरी म्हणून वापरतो, आणि बाहेरून ते डिस्क संथ झाल्यासारखं दिसतं. त्या कार्यालयात तसं नव्हतं, म्हणून रॅम वाढवून फरक पडला नाही.

तिसरी पायरी कंट्रोलरची. माझ्या अनुभवात बिनपैशाचा सगळ्यात मोठा फायदा इथेच मिळतो. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम निवडून 'हार्डवेअर' उघडा आणि डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला काय लिहिलंय ते पाहा. आयडीई किंवा साटा असेल तर क्यूईएमयू जुन्या काळच्या खऱ्या चिपचं सोंग वठवतंय. गेस्ट त्या चिपच्या एकेका खणात आकडा भरतो आणि दर वेळी त्याला थांबवून कारभाऱ्याला उठावं लागतं. आयडीईत तर एका वेळी एकच विनंती चालते. प्रत्येक पानावर साहेबांची वेगळी सही घ्यावी, तसा हा कारभार.

यावर रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं काढलेला तोडगा २००८ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये आला. त्याचं नाव व्हर्टआयओ. गेस्टनं आपण खरे नाही हे मान्य करायचं आणि सोंगाचा खटाटोप सोडायचा. दोघांच्या मध्ये मेमरीत एक सामाईक ट्रे ठेवायचा. गेस्ट त्यात विनंत्यांचा गठ्ठा ठेवतो, एकदा टकटक करतो. कारभारी गठ्ठाच उचलतो. प्रॉक्समॉक्समध्ये कंट्रोलरचा प्रकार 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' निवडा आणि डिस्क 'स्कझी' बसवर ठेवा. 'सिंगल' म्हणजे दर डिस्कला स्वतंत्र कंट्रोलर; त्याचा उपयोग पुढच्या पायरीत येईल.

पण विंडोजच्या चालू व्हीएममध्ये हा बदल थेट केला तर निळा पडदा येतो आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहून येतं. विंडोजकडे व्हर्टआयओचा ड्रायव्हर जात्या नसतो, त्यामुळे सुरू होताना तिला स्वतःची डिस्कच सापडत नाही. म्हणून आडवाटेनं जायचं. फेडोरा प्रकल्प जी व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ फाइल देतो, ती व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये लावा आणि तिच्यातला इन्स्टॉलर विंडोजच्या आत चालवा. मग १ जीबीची एक रिकामी डिस्क स्कझी बसवर जोडा. विंडोज सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती दिसली की ड्रायव्हर खरोखर कामाला लागला. आता व्हीएम बंद करून मूळ डिस्कला हात लावा.

मूळ डिस्क निवडा आणि 'डिटॅच' दाबा. ती यादीच्या तळाशी 'अनयूज्ड डिस्क' म्हणून दिसू लागते. तिच्यावर दोनदा क्लिक करून बस 'स्कझी' निवडा आणि जोडा. इथे एक सापळा आहे. अनयूज्ड अवस्थेत असताना त्याच बटणाच्या जागी 'रिमूव्ह' येतं, आणि ते डिस्क सोडवत नाही, कायमची पुसतं. घरच्या चाचणीच्या यंत्रावर घाईत मी ते एकदा दाबलंय. त्यात काही महत्त्वाचं नव्हतं म्हणून आज हसू येतं.

जोडून झालं तरी व्हीएम सुरू होत नाही, अशी तक्रार यानंतर येते. 'ऑप्शन्स'मध्ये 'बूट ऑर्डर' उघडा. बस बदलली की जुनी डिस्क त्या यादीतून गळते आणि नव्या नावापुढे खूण केलेली नसते. खूण करा, वर ओढा. १ जीबीची तात्पुरती डिस्क आता काढून टाकायला हरकत नाही. विंडोज सर्व्हरमध्ये दुसरी डिस्क कधी कधी 'ऑफलाइन' दिसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ऑनलाइन करा, डेटा तिथेच असतो.

लिनक्स गेस्टमध्ये ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, त्यामुळे काम सोपं. अडचण आलीच तर नावांची येते. फाइलप्रणाली जोडण्याच्या एफएसटॅब या फाइलीत डिस्कचं जुनं नाव थेट लिहिलेलं असेल तर बस बदलल्यावर ते चुकतं. बदलाआधी तिथे यूयूआयडी, म्हणजे फाइलप्रणालीचा स्वतःचा ओळख क्रमांक, आहे ना ते पाहा.

आणखी एक: हे बदल गेस्टच्या आतून 'रिस्टार्ट' केल्यानं लागू होत नाहीत. प्रॉक्समॉक्स नवी सेटिंग वेगळ्या रंगात दाखवत राहतं. व्हीएम पूर्ण बंद करून होस्टकडून सुरू करा. "सेटिंग बदलली, फरक शून्य," असं सांगणाऱ्यांना मी आधी हाच प्रश्न विचारतो.

चौथी पायरी लहान आहे. डिस्कच्या सेटिंगमध्ये 'आयओ थ्रेड' अशी खूण असते. ती केली की त्या डिस्कचं काम क्यूईएमयूच्या मुख्य धाग्यावर न पडता स्वतंत्र धाग्यावर जातं. व्हर्टआयओ स्कझी सिंगल असेल तर दर डिस्कला तिचा स्वतःचा माणूस मिळतो. त्याच खिडकीत प्रगत पर्यायांमध्ये 'एसिंक आयओ' दिसतं. तिथे आयओ-युरिंग असेल तर तसंच राहू द्या. होस्टच्या कर्नलला विनंत्या देण्याची ही नवी पद्धत २०१९ मध्ये लिनक्समध्ये आली आणि बहुतेकांना पुरते.

पाचव्या पायरीवर मात्र जरा थांबू, कारण इथे वेग आणि डेटा यांची सौदेबाजी होते. 'कॅश' नावाच्या यादीत पाच पर्याय असतात. ते पोचपावतीच्या भाषेत समजून घ्या.

'नन' म्हणजे होस्टच्या मेमरीला बगल देऊन मजकूर डिस्ककडे पाठवायचा आणि गेस्टनं पोचपावती मागितली की खऱ्या डिस्ककडून आणून द्यायची. प्रॉक्समॉक्समध्ये काही निवडलं नाही तर हेच असतं, आणि दहांपैकी नऊ ठिकाणी हेच बरोबर असतं. 'राइटबॅक'मध्ये मजकूर आधी होस्टच्या रॅममध्ये उतरतो, त्यामुळे साधं लिखाण झटपट वाटतं. पण फ्लश मागितला की तो डिस्कपर्यंत नेतातच. नीट वागणाऱ्या गेस्टसाठी हे सुरक्षित आहे. प्रश्न इतकाच, की होस्टची रॅम यात खर्च होते आणि तीच माहिती गेस्टच्या रॅममध्येही दुसऱ्यांदा साठते. 'राइटथ्रू' प्रत्येक लिखाणाला पोचपावती घेतं, 'डायरेक्टसिंक' तेच होस्टच्या मेमरीशिवाय करतं. दोन्ही सावध आणि संथ.

पाचवा पर्याय 'राइटबॅक अनसेफ'. यात गेस्ट पोचपावती मागतो आणि कारभारी डिस्ककडे न बघताच शिक्का मारून देतो. चाचणीचे आकडे उसळतात आणि "हे केलं आणि सर्व्हर पळायला लागला" असं लोक एकमेकांना सांगतात. मग पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली असते, आणि ज्या व्हाउचरांची पावती मिळाली होती ती डिस्कवर कधी उतरलेलीच नसतात. काही वेळा नुसती शेवटची पाच मिनिटं जात नाहीत, अख्खा डेटाबेस उघडेनासा होतो, कारण नोंदींचा क्रमच मोडलेला असतो. नव्या व्हीएमवर ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना, जिथे बिघडलं तर पुन्हा बसवता येतं, तिथे हा पर्याय तासाभरासाठी वापरा. कामाच्या व्हीएमवर वापरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सहावी पायरी फाइलीच्या घडणीची. आभासी डिस्क 'रॉ' असते किंवा 'क्यूकाउ२'. रॉ म्हणजे सरळ जागा. दहावा ब्लॉक दहाव्या ठिकाणी. क्यूकाउ२ मध्ये जागा लागेल तशी वाढते, स्नॅपशॉट घेता येतात, पण कुठला तुकडा फाइलीत कुठे आहे याची अनुक्रमणिका ठेवावी लागते. तुकडा साधारणपणे ६४ केबीचा आणि त्यामागे ८ बाइटची नोंद, म्हणजे १ एमबी अनुक्रमणिकेत ८ जीबीची डिस्क मावते. क्यूईएमयू ही अनुक्रमणिका मेमरीत ठेवतं. पूर्वी त्यासाठी १ एमबीच राखून ठेवलेली असे. २०१८ च्या अखेरीच्या ३.१ आवृत्तीपासून लिनक्सवर ३२ एमबीपर्यंत मिळते, म्हणजे २५६ जीबीपर्यंतची डिस्क बिनधास्त. १ टीबीच्या डिस्कवर विखुरलेलं काम असेल तर १२८ एमबी लागेल. ती नसली की एक पान वाचण्याआधी अनुक्रमणिका वाचायची फेरी पडते.

क्यूकाउ२ वाईट नाही. ती स्नॅपशॉटच्या सवयीमुळे बदनाम होते. स्नॅपशॉट घेतल्यावर जुना तुकडा जपायचा असतो, म्हणून गेस्टनं ४ केबी बदलले तरी पहिल्यांदा ६४ केबीचा अख्खा तुकडा नव्या जागी न्यावा लागतो. कर सल्लागारांच्या सर्व्हरवर मला 'अपडेटआधी' नावाचा स्नॅपशॉट सापडला. तो कधीचा हे कुणालाच आठवत नव्हतं. तारीख पाहिली तर आठ महिन्यांपूर्वीची होती. स्नॅपशॉटचं काम दोन-चार दिवसांचं. झालं की काढा, आणि काढताना रात्रीची वेळ निवडा, कारण जुना स्नॅपशॉट पुसतानाही डिस्क बराच वेळ गुंतते.

होस्टवर एलव्हीएम-थिन असेल (प्रॉक्समॉक्स बसवताना आपण दुसरं काही निवडलं नाही तर तेच असतं), तर डिस्क रॉ असते आणि स्नॅपशॉट खालचा थर सांभाळतो. झेडएफएस वापरत असाल तर तिच्यावर क्यूकाउ२ ची फाइल ठेवू नका. दोघीही मूळ जागेवर न लिहिता नवी प्रत करणाऱ्या. एकाच कामाला दोन नकलनवीस नेमल्यासारखं होतं. प्रॉक्समॉक्सला थेट झेडएफएसचं स्टोरेज म्हणून जोडू द्या, ते व्हीएमसाठी रॉ व्हॉल्यूम बनवतं.

सातवी पायरी 'डिस्कार्ड'ची. गेस्टमध्ये फाइल पुसली तरी खालच्या थराला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीनं ती जागा भरलेलीच. डिस्कार्डची खूण केली की गेस्ट 'ही जागा आता नको' असं कळवू शकतो. तरी अर्धंच काम होतं, कारण गेस्टनंही ते कळवायला हवं. लिनक्समध्ये एफएसट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालतं का ते तपासा. विंडोजसाठी 'एसएसडी एम्युलेशन'चीही खूण करा, म्हणजे ती डिस्कला एसएसडी समजून डीफ्रॅग करण्याऐवजी रिकाम्या जागा कळवते. थिन पूल, म्हणजे एलव्हीएम-थिननं सगळ्या व्हीएमसाठी राखलेली सामाईक जागा, १०० टक्के भरला तर त्यावरचे सगळे व्हीएम लिहिताना अडकतात आणि फाइलप्रणाली बिघडू शकते. ८० टक्क्यांवर गेला की लक्ष घाला.

एवढं सगळं एका शनिवारी झालं. चाचणीचे आकडे सुधारले, चहाचे दोन घोट एकावर आले, पण वर्तुळ उरलंच. होस्टवरचा अवेट अजून चढा होता. म्हणजे आता खरी डिस्क.

इथे मी एक चूक केली, ती सांगतो. घरी एक नवी, स्वस्तातली एसएसडी पडली होती. तात्पुरती म्हणून तिच्यावर व्हीएम हलवला. मोठ्या फाइली झपकन उघडायला लागल्या, सगळे खूष. पण सेव्ह केल्यावरची अडखळ अपेक्षेइतकी गेली नाही, आणि रात्री बॅकअप परत उभा करताना तर वेग निम्म्याहून खाली घसरला.

कारण पुन्हा पोचपावतीच. एसएसडीच्या आत एक छोटी मेमरी असते. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत त्याबरोबर कपॅसिटर बसवलेले असतात; वीज गेली तरी त्या मेमरीतला मजकूर चिपमध्ये उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते. म्हणून ती एसएसडी मजकूर मेमरीत आला की लगेच पोचपावती देऊ शकते, आणि ती खरी असते. घरगुती एसएसडीत असे कपॅसिटर सहसा नसतात. फ्लश आला की तिला मजकूर चिपमध्ये उतरेपर्यंत थांबावं लागतं. जाहिरातीत लाखभर आयओपीएस लिहिलेली एसएसडी प्रत्येक लिखाणामागे फ्लश मागितला की काही शे ते एक-दोन हजारांवर येते, ती यामुळे. शिवाय स्वस्त एसएसडीत सुरुवातीचा थोडा भागच वेगवान असतो, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. घेताना माहितीपत्रकात 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' हे तीन शब्द शोधा. कंपनीच्या नावापेक्षा ते महत्त्वाचे.

डिस्का एकत्र कशा बांधल्यात, म्हणजे रेड कुठली आहे, यावरही बरंच ठरतं. रेड ५ मध्ये एक छोटं लिखाण करायला जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा मजकूर परत काढण्यासाठीची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार फेऱ्या पडतात. आरशासारख्या जोडीत, म्हणजे मिररमध्ये, दोनच. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये तर विखुरलेल्या कामासाठी अख्खा गट साधारण एका डिस्कइतकाच वेग देतो. जागा कमी मिळते तरी व्हीएमसाठी मिरर घ्या. रेड कार्ड असेल तर त्याच्या कॅशची बॅटरी जिवंत आहे का ते पाहा. ती मेली की बरीच कार्डं आपणहून सावध पद्धतीवर जातात आणि एका रात्रीत सर्व्हर संथ होतो. कुणी काही बदललेलं नसतं, म्हणून हे लवकर सापडत नाही.

स्टोरेज नेटवर्कवर असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा: १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला १२५ एमबीहून जास्त जाऊच शकत नाही, मागे कितीही चांगली एसएसडी लावा.

आठवी पायरी वेळापत्रकाची. बॅकअप, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी, विंडोजची अपडेट, ट्रिम ही सगळी कामं लोक रात्री दोनला लावतात आणि सगळ्या व्हीएममध्ये एकाच वेळी लावतात. एकेकाला वेगळा तास द्या. एखादा व्हीएम इतरांचा घास ओढत असेल तर डिस्कच्या सेटिंगमध्ये 'बँडविड्थ' या भागात त्याच्या आयओपीएसवर मर्यादा घालता येते. जुन्या खऱ्या संगणकावरून उचलून आणलेला व्हीएम असेल तर विभाजन कुठून सुरू होतं तेही पाहा. विंडोज एक्सपीच्या काळात ते ६३ व्या सेक्टरवर सुरू व्हायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि त्याला ४,०९६ नं निःशेष भाग जात नाही. त्यामुळे खालच्या ४ केबीच्या ब्लॉकमध्ये एक लिखाण दोन ब्लॉकवर सांडतं. व्हिस्टापासून सुरुवात २,०४८ वर आली आणि हा त्रास संपला.

दर पायरीनंतर तीच चाचणी, त्याच वेळी, त्याच आकाराची फाइल घेऊन पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदल एका दमात केले आणि व्हीएम पळायला लागला, तर कशामुळे ते कळत नाही; बिघडला तर काय मागे घ्यायचं तेही कळत नाही.

कर सल्लागारांकडे शेवटी कपॅसिटर असलेल्या दोन एसएसडी मिररमध्ये बसवल्या, कॅश 'नन'वर ठेवली, आणि यूपीएसची बॅटरी बदलली. निळं वर्तुळ आता दिसतं न दिसतं. त्या मुलीचा चहा टेबलावर गार होतो, अशी तिची नवी तक्रार आहे. जुन्या दोन हार्ड डिस्का फेकल्या नाहीत. त्यांच्यावर रोज रात्री बॅकअप जातो. तो टेम्पोचा माल, एका ओळीत लिहायचा, आणि त्या कामाला त्या अजून चांगल्या चालतात.